जंप क्यूवर बंदी घालायची असेल, तर पुश आउट परत आणा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही काही मित्र नियमित नाईन-बॉल हा पूलचा प्रकार खेळता. त्यातल्या एकाने नुकताच छोटा, हलका जंप क्यू, म्हणजे बॉल उडवायची खास काठी, घेतलाय. तुम्ही डोकं लावून सेफ ठेवता, म्हणजे समोरच्याला शॉट मिळू नये असं खेळता, पांढरा क्यू बॉल नेमका दुसऱ्या बॉलच्या मागे नेऊन दडवता, आणि तो बॅगेतून ती आखूड काठी काढतो, जोडतो आणि अडथळ्यावरून उडी मारून मोकळा होतो. मग चांगल्या सेफला किंमत काय उरली, आणि असली खास काठी खेळात असावीच का, हा तुमचा सवाल आहे. बंदी घालावी असा तुमचा कलही दिसतो.

मी बरीच वर्षं पूल शिकवतो आणि स्पर्धांमध्ये पंच म्हणून उभा राहतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. नाईन-बॉल आणि टेन-बॉलमध्ये जंप क्यूला जागा आहे. त्याच्या टिपवर, म्हणजे बॉलला लागणाऱ्या टोकावर, मात्र बंधन हवं, आणि नवशिक्याच्या हातात तो लवकर पडू नये. तुमच्या गटाने बंदी घातली तर माझी काही तक्रार नाही, फक्त तिच्या जोडीला आणखी एक नियम बदलावा लागेल. नाहीतर आज एकावर होतोय असं वाटणारा अन्याय उद्या सगळ्यांवर होईल. हे का, ते पुढे सांगतो.

सुरुवातीला दोन गोष्टी वेगळ्या करू. क्यू बॉल उडवणं ही एक गोष्ट आणि त्यासाठी वेगळा क्यू वापरणं ही दुसरी. स्नूकरमध्ये काही मोजके अपवाद सोडले तर दुसऱ्या बॉलवरून क्यू बॉल उडवून नेणं हाच फाऊल आहे, त्यामुळे तिथे जंप क्यूचा वादच उद्भवत नाही. पूलमध्ये उडी नियमात बसते. अट इतकीच, की क्यू मागून वर उचलून बॉलच्या वरच्या अर्ध्या भागावर खालच्या दिशेने मारायचं, म्हणजे बॉल स्लेटवर, टेबलाच्या दगडी पाट्यावर, दाबला जाऊन उसळतो. टिप खालून घुसवून बॉल उचकटला तर तो फाऊल. वर्ल्ड पूल-बिलियर्ड असोसिएशनच्या नियमांत क्यूची लांबी किमान ४० इंच, वजन जास्तीत जास्त २५ औंस आणि टिपची रुंदी जास्तीत जास्त १४ मिलिमीटर असावी लागते. किमान वजनाची अट नाही. म्हणजे ४१ इंची, ८-९ औंसांचा जंप क्यू नियमाने चोख आहे. नेहमीच्या ५८ इंची क्यूचा नुसता पुढचा अर्धा भाग काढून उडी मारणं मात्र चालत नाही, कारण तो भरतो जेमतेम २९ इंच. तेव्हा तुमचा मित्र काही लबाडी करत नाहीये, हे गटात स्पष्ट असू द्या. तुमचा खरा प्रश्न "चालतं का" हा नाहीच, "चालावं का" हा आहे.

त्याचं उत्तर द्यायचं तर ही काठी नक्की काय करते ते बघावं लागेल, कारण "त्या क्यूने कोणीही उडी मारतो" हे वाक्य मी फार ऐकतो आणि ते अर्धंच खरं आहे.

खाली मारलेला क्यू बॉल स्लेटवर दबतो आणि लगेच वर येऊ पाहतो. तेवढ्या क्षणात क्यू वाटेतून बाजूला झालेला असायला हवा. नेहमीचा क्यू साधारण १९ औंसांचा, बॉल ६ औंसांचा. टक्कर आदर्श धरून हिशेब केला, तर आदळल्यानंतरही त्या क्यूचा जवळजवळ निम्मा वेग शिल्लक राहतो. तो बॉलच्या मागे मागे जातो, त्याला दाबून धरतो, आणि उडी तिथेच मरते. तोच क्यू ९ औंसांचा असेल तर आदळल्यावर त्याचा वेग पाचव्या हिश्श्यावर येतो. क्यू जागच्या जागी थबकतो आणि बॉल सुटतो. प्रत्यक्षात आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण दोन क्यूंमधला फरक कायम राहतो. टिप जितकी कडक, तितका टिपचा आणि बॉलचा स्पर्श कमी वेळ टिकतो, त्याचाही फायदा होतो. शिवाय काठी आखूड असल्यामुळे ती भाला फेकायला धरतात तशी हातात धरून वरून मारता येते. याला आम्ही डार्ट स्ट्रोक म्हणतो. लांब क्यूने इतका उभा कोन घेणं फार अवघड जातं.

म्हणजे बॉल उडायला लागणारी अडचण ही काठी दूर करते. नेम मात्र ती धरून देत नाही. बॉलचा व्यास ५७ मिलिमीटर आहे. अडथळा पूर्ण आडवा असेल तर क्यू बॉल ५७ मिलिमीटर वर जायला हवा, हे सहज लक्षात येतं. पण वाट फक्त अर्ध्या बॉलने अडली असली तरी जवळजवळ ५० मिलिमीटर उंची लागते, आणि नुसत्या पाव बॉलने अडली असली तरी ३८. गोल वस्तूचा हा गुण बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. "थोडीशीच तर कड आड येतेय" म्हणून हलकी उडी मारायला जातात आणि अडथळ्याच्या खांद्याला घासून फाऊल करतात. पुढची अडचण उतरण्याची. क्यू बॉल हवेत असतानाच लक्ष्याच्या बॉलवर आदळला तर तो त्याच्या मध्यरेषेच्या वर लागतो. कट, म्हणजे लक्ष्याच्या बॉलचा कोन, चुकतो, आणि दोघांपैकी एक टेबलाबाहेर गेला की फाऊल. तेव्हा अडथळा ओलांडून लक्ष्याच्या आधी खाली यायचं, नेम राखायचा, आणि नंतर क्यू बॉल कुठे थांबेल याचाही विचार करायचा. ही कला आहे, आणि ती काठीबरोबर बॅगेत येत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. जंप क्यू एवढा का पसरला? नुसतं कोणाला तरी हलकी काठी बनवायची युक्ती सुचली म्हणून नव्हे. त्यामागे नियमांतला एक बदल आहे, आणि जंप क्यूला नावं ठेवताना तो बदल सोयीने विसरला जातो.

पूर्वी नाईन-बॉल बऱ्याच ठिकाणी वेगळ्या नियमांनी चालायचा. हुक झालेला, म्हणजे लक्ष्याची सरळ वाट अडलेला, खेळाडू डावात केव्हाही पुश आउट जाहीर करू शकायचा, म्हणजे कुठल्याही बॉलला न लागता क्यू बॉल हवा तिथे ढकलायचा. मग समोरचा ठरवायचा, की तिथून मी खेळतो की तूच खेळ. बॉल इन हँड, म्हणजे क्यू बॉल हाताने हवा तिथे ठेवून खेळायची मुभा, मिळायचा तो एकाच खेळाडूचे लागोपाठ दोन फाऊल झाल्यावर. अशा खेळात हुक करून फारसं साधत नसे. हुक झालेला माणूस क्यू बॉल अशा जागी ढकलायचा, की तिथला शॉट त्याला जमेल पण तुम्हाला घ्यावासा वाटणार नाही. पैज नेमबाजीची आणि हिमतीची असायची. १९८० च्या दशकात "टेक्सास एक्सप्रेस" या नावाने ओळखले जाणारे नियम पसरले. पुश आउट उरला तो फक्त ब्रेकनंतरच्या लगेचच्या शॉटपुरता, आणि एका फाऊलला थेट बॉल इन हँड. खेळ वेगवान झाला, बघायला सोपा झाला. पण त्याच दिवसापासून हुक हे जबरदस्त हत्यार बनलं आणि हुक झालेल्याच्या हातातली जुनी ढाल गेली. त्याच्याकडे उरली किक, म्हणजे आधी कुशनला (टेबलाच्या कडेला) मारून बॉल गाठणं, नाहीतर उडी. जंप क्यू आला तो या रिकाम्या जागेत.

आणि सगळे हुक काही मेहनतीचे नसतात. तुमच्या गटाने एक संध्याकाळ प्रामाणिकपणे मोजून बघावं, की किती हुक ठरवून झाले आणि किती वेळा शॉट चुकला, बॉल भटकला आणि क्यू बॉल आपोआप एखाद्याच्या आड जाऊन बसला. नाईन-बॉलमध्ये सगळ्यात लहान आकड्याच्या बॉललाच आधी लागावं लागतं, त्यामुळे असे फुकटचे हुक सारखे होतात. चुकलेल्याला बक्षीस आणि ज्याने काहीच चूक केली नाही त्याला बॉल इन हँडची शिक्षा, हा प्रकार मला पंचाच्या जागेवरून नेहमीच टोचत आला आहे. जंप क्यू ती शिक्षा थोडी सौम्य करतो. मी त्याच्या बाजूने आहे त्याचं सगळ्यात मोठं कारण हे.

विरोधकांच्या म्हणण्यातही वजन आहे, आणि ते झटकून टाकणं मला पटत नाही. त्यांचा सगळ्यात चांगला मुद्दा किकचा आहे. कुशनवरून बॉल शोधून काढणं हे पूलमधलं अतिशय देखणं कौशल्य. १९९५ मध्ये रीनोच्या स्पर्धेत अमेरिकेच्या अर्ल स्ट्रिकलँडविरुद्धच्या निर्णायक रॅकमध्ये (डावात) फिलिपिन्सचे एफ्रेन रेयेस हुक झाले होते. त्यांनी दोन कुशन घेऊन बॉल नुसता गाठला नाही, पॉकेट केला आणि पुढे जिंकले. तो शॉट खेळाडू आजही झेड शॉट म्हणून दाखवतात. उडी स्वस्त झाली की अशा किक शिकायची गरजच कोणाला वाटणार नाही, ही भीती खरी आहे. मी ती डोळ्यांनी पाहिली आहे.

माझ्याकडे एक मुलगा शिकायला यायचा. हात छान, नजर छान. खेळायला लागून वर्ष व्हायच्या आत त्याने जंप क्यू घेतला. हुक झाला रे झाला, की टेबलाकडे न बघता त्याचा हात बॅगेकडे जायचा. एका सामन्यात क्यू बॉल सात नंबरच्या बॉलमागे अडकला होता. दोन नंबर लांब कुशनपासून बोटभर अंतरावर उभा होता. एका कुशनची सरळ किक होती, हळू मारली असती तर दोन नंबर कुशनलाच चिकटून राहिला असता आणि समोरच्याला काहीच दिसलं नसतं. याने काठी जोडली. ठक्‌ असा कोरडा आवाज आला, बॉल झकास उडाला, दोनला लागला, प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मग क्यू बॉल टेबलाच्या त्या टोकाला जाऊन परत आला, दोन नंबर मधल्या पॉकेटसमोर मोकळा थांबला, आणि समोरच्याने रॅक साफ केला. क्लॉथवर जिथून उडी मारली होती तिथे तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा डाग पडला होता. मी त्याला तो डाग दाखवला आणि म्हटलं, "या शॉटने आपल्या हाती एवढंच लागलं." पुढचे सहा महिने त्याचा जंप क्यू माझ्या कपाटात होता. तेवढ्या काळात तो कुशनवरचे डायमंड, म्हणजे कोन मोजायच्या खुणा, मोजायला शिकला, बाजूची फिरकी दिल्यावर कोन किती उघडतो ते शिकला, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे किक कोणत्या वेगाने मारली की बॉल लागूनही समोरच्याला काही मिळत नाही, ते शिकला. आता काठी त्याच्याकडेच असते आणि ती कधी काढायची नाही हे त्याला कळतं.

म्हणून शिकणाऱ्यांसाठी माझा नियम कडक आहे. एक कुशनची किक दहापैकी सात वेळा लागेपर्यंत जंप क्यू नाही. हा आकडा कुठल्या पुस्तकातला नाही, माझ्या शिकवणीतला आहे.

विरोधकांचा दुसरा मुद्दा, की लांब क्यूनेही उडी मारता येते, मग खास काठी कशाला. हो, मारता येते. अडथळा फूटभर लांब असेल आणि पुढे मोकळी जागा असेल तर चांगला खेळाडू आपल्या नेहमीच्या क्यूने छान उडी मारतो. जवळच्या अडथळ्यावरून मात्र जवळजवळ अशक्य. म्हणजे खास क्यूवर बंदी घातली तर उडी संपत नाही, ती फक्त दुर्मीळ आणि महाग होते. काहींना तेच हवं असतं आणि त्यात तथ्य आहे. पण "खास साधन म्हणजे खेळाशी बेइमानी" हे कारण मला मान्य नाही. आपण ब्रेकला वेगळा क्यू वापरतो, हात पोचत नसेल तर ब्रिज घेतो. टोकावरची चामड्याची टिपसुद्धा एकेकाळी नवीनच होती. ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच खेळाडू फ्रान्स्वा मँगो यांच्यामुळे रुळली असं मानतात, आणि आपण बॉलला जी फिरकी देतो ती तिच्या जोरावर. साधन नवीन आहे म्हणून नाकारायचं नाही. त्याने खेळातला कुठला निर्णय सोपा होतो आणि कुठला अवघड होतो, ते बघायचं.

टिपबद्दल मी हट्टी आहे तो याच कारणाने. चामड्याच्या टिपने उडी मारायला तंत्र लागतं. फिनॉलिकसारख्या कडक राळेच्या, दगडासारख्या टिपने ती इतकी सहज होते, की बॉल जवळ आहे की लांब, याला अर्थच उरत नाही, आणि क्लॉथवर व क्यू बॉलवर मारही जास्त बसतो. तुमच्या मित्राच्या क्यूवर कुठली टिप आहे ते आधी बघा. कडक असेल तर तुमची अर्धी तक्रार त्या टिपबद्दलची असू शकते.

हे सगळं परिस्थितीवरही अवलंबून आहे, ते सांगितलं पाहिजे. एट-बॉलमध्ये तुम्हाला सात बॉलमधून निवड असते, हुक झालात तर बहुतेकदा आपल्याच पोझिशनच्या चुकीमुळे, त्यामुळे तिथे जंप क्यू नसला तरी फार बिघडत नाही. स्ट्रेट पूलमध्ये कुठलाही बॉल चालतो, गरजच नाही. वन-पॉकेट हा सगळा सेफचा खेळ. तिथे दोघांनी आधी बोलून जंप क्यू बाजूला ठेवला तर मला ते रास्त वाटतं. आणि टेबल दुसऱ्याच्या मालकीचं असेल तर मालकाचा शब्द शेवटचा. पातळ, वेगवान क्लॉथवर उड्यांचे डाग लवकर पडतात आणि तो खर्च त्याला बसतो. सराव करताना क्यू बॉलखाली जुन्या क्लॉथचा तुकडा ठेवायची सवय तुमच्या मित्राला जरूर लावा.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे, म्हणजे सेफला किंमत उरली नाही याकडे. मला वाटतं तुमची सेफ अजून जुन्या काळातली आहे. क्यू बॉल अडथळ्यापासून वीतभर लांब ठेवून नुसती वाट झाकली, की काम झालं असं आपण समजत होतो. समोर काठी नव्हती म्हणून ते चालत होतं. आता वाट झाकून भागत नाही, अंतर मारावं लागतं. क्यू बॉल आणि अडथळा यांच्यात चॉकचा एक ठोकळा बसेल एवढीच फट राहिली, तर आपल्या पातळीवरचा जवळजवळ कोणीही पूर्ण बॉलवरून उडी मारू शकत नाही. कोनच मिळत नाही. अंतर साधलं नाही तर दुसरी जागा शोधा. लक्ष्याचा बॉल अडथळ्याच्या लगेच पलीकडे असेल तर उडी मारणाऱ्याला उतरायला जागा उरत नाही, तो हवेतच आदळतो. रेषेत दोन अडथळे एकामागे एक असतील तर उडी लांबवावी लागते आणि नेम बिघडतो. लक्ष्य टेबलाच्या दुसऱ्या टोकाला असेल तर बॉल लागला तरी पॉकेट होणं कठीण. या चारपैकी एक तरी गोष्ट तुमच्या सेफमध्ये असायला हवी. त्यासाठी बॉलला पातळ स्पर्श करून क्यू बॉलचा वेग इंचाइंचाने सांभाळता यायला हवा, आणि हे कौशल्य जंप क्यू नसलेल्या काळात एवढं घासूनपुसून कोणी शिकत नव्हतं. सेफची किंमत गेलेली नाही, ती वाढली आहे, असं मी म्हणतो ते यामुळे.

तरीही गटाला बंदीच हवी असेल तर माझी सूचना अशी. जंप क्यू बंद, पण हुक झालेल्याला डावात केव्हाही पुश आउट. त्याने फटक्याआधी मोठ्याने "पुश" म्हणायचं, क्यू बॉल ढकलायचा, आणि समोरच्याने ठरवायचं कोण खेळणार. सलग दोनदा पुश नाही, एवढं ठरवून घ्या म्हणजे वाद होणार नाहीत. बंदी आणि एका फाऊलला बॉल इन हँड, ही जोडी मात्र ठेवू नका. त्यात फुकटचे हुक डाव ठरवतील आणि तुम्हीच महिन्याभरात कंटाळाल. बंदी नको असेल तर जंप क्यू ४० इंचांच्या वर, टिप चामड्याची, आणि गटात एकच काठी असेल तर ती सगळ्यांना वापरायला मोकळी.

कुठलाही मार्ग घ्या, त्याआधी एक संध्याकाळ मित्राला समोर बसवा. तुम्ही सेफ ठेवायची, त्याने उडी मारायची, बॉल मोजायचे नाहीत. वीतभर फटीपासून सुरुवात करा आणि दर वेळी थोडी कमी करत जा. ज्या फटीला त्याची उडी चुकायला लागेल, तिथे क्लॉथवर चॉकची बारीक खूण करा. पुढच्या महिन्यात तुमच्या प्रत्येक सेफचं लक्ष्य ती खूण.